गच्चीवरची शिसं ओतायची भट्टी : प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

ठरलं. गळाला आणि जाळ्याला लावायची शिशाची वजनं यंदा घरीच ओतायची. बाजारात 40 ग्रॅमची म्हणून मिळतात ती काट्यावर ठेवली की 33 भरतात नाहीतर 46. भोक तिरकं असतं, भोकाच्या तोंडाला धार असते, आणि त्या धारेवर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, घासून नेमका मासा लागल्यावरच तुटतो.

तयार उपकरणं शोधायला बसलो तर बहुतेक सगळी बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्यांसाठी बनलेली. अमेरिकेत हा घरगुती उद्योग फार जुना. लायमन कंपनी 1878 पासूनची आहे, आणि ली कंपनीचं तळाच्या तोटीतून ओतणारं विजेचं भांडं तिकडे घरोघरी असतं. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची सामग्रीही येते. तेव्हा गोळ्यांच्या साच्याचा विचारही नको. वितळवायचं भांडं, पळी, तापमान मोजायचं साधन एवढ्यापुरता त्यांचा अनुभव मात्र आपल्या कामाचा आहे, कारण धातू तोच.

तोटीचं भांडं घ्यायचं नाही असं ठरवलं. भंगारातल्या शिशाचा कचरा तोटीत अडकतो आणि भांडं थेंब-थेंब गळत राहतं. आम्ही पळीने ओतणार.

रात्री हिशेब मांडला. एक किलो शिसं खोलीच्या तापमानापासून 327 अंशांपर्यंत न्यायला साधारण 39 किलोज्यूल, वितळवायला 23, आणि ओतण्याजोगं 390 पर्यंत न्यायला आणखी 9. पाच किलोला झाले साडेतीनशेच्या आसपास. लिटर-सव्वा लिटर पाण्याला उकळी आणायला एवढीच उष्णता लागते! शिशाचा घाणा जड म्हणून मोठी भट्टी लागेल हा समज कागदावरच निकालात निघाला. साधी 1500 वॅटची कॉइलची शेगडी भरपूर झाली. पैसे ताकदीवर नाही, तापमान धरून ठेवण्यावर घालायचे.

8 जानेवारी, बुधवार

भांडं. नागपूरच्या इतवारीत लोहाओळीला जाऊन आलो.

घरातून सुचवण्या बऱ्याच आल्या. भाऊ म्हणाला, ॲल्युमिनियमचं जुनं पातेलं आहे ते घे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं हे खरं, पण 400 च्या आसपास ते इतकं मऊ पडतं की पाच किलो शिसं भरलेलं पातेलं उचलताना कान हातात आणि शिसं पायावर. माळ्यावर आजीचं भंडाऱ्याचं पितळी गंज आहे, कल्हई केलेलं. तेही नाही. कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांनाच वितळतं आणि शिशात विरघळून जातं. डाग दिलेलं, झाळलेलं कुठलंही भांडं याच कारणाने बाद. पातळ स्टीलच्या डब्यांचे दांडे ठोकलेले असतात, ते सैल होतात.

पाच किलो शिसं म्हणजे जेमतेम 440 मिलिलिटर. लिटरभराचं भांडं तोंडापर्यंत भरलं तर अकरा किलोच्या वर जातं, आणि हे आकडे डोळ्यांना पटत नाहीत. म्हणून भांडं लहान आणि जाड हवं. चार इंची लोखंडी पाइपचा 12 सेंटिमीटरचा तुकडा घेतला, जाडी 5 मिलिमीटर, आणि ओळखीच्या वेल्डरकडून 6 मिलिमीटरच्या पट्टीचा बूड लावून घेतला. आतला व्यास 100 मिलिमीटर धरला तर पाच किलोला शिसं साडेपाच सेंटिमीटर चढेल. पसरट कढईपेक्षा हे बरं, कारण हवेला उघडा पृष्ठभाग जितका कमी तितकी वर मळी कमी धरते. पाइप जस्त चढवलेला नको, काळाच हवा, हे दुकानात दोनदा सांगावं लागलं.

भांडं दोन किलोचं झालं. म्हणजे शिशाला लागते जवळपास तेवढीच उष्णता आधी भांडंच खाणार. खाऊ दे. जाड भांडं तापमान हलू देत नाही.

बूड जोडल्यावर पाणी भरून रात्रभर ठेवलं, कुठे पाझरलं नाही. मग चुलीवर चांगलं भाजून वाळवलं.

12 जानेवारी, रविवार

शिसं. कबाड्याकडे तीन तऱ्हेचं मिळालं: जुन्या जमिनीखालच्या केबलवरचं शिशाचं वेष्टण, चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं, आणि बॅटरीच्या प्लेटा.

"भाऊ, बॅटरीचं घ्या ना, स्वस्तात देतो. शिसं ते शिसंच राहते जी!"

नाही राहत. बॅटरीच्या प्लेटांत आम्ल आणि शिशाचे क्षार मुरलेले असतात, शिवाय अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम. अशा शिशाच्या मळीला ओल लागली तर आर्सिनसारखा अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. बॅटरीला घरात हात लावायचाच नाही. ती नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्याकडे जाऊ दे.

केबलचं शिसं उत्तम. जवळजवळ शुद्ध, नखाने ओरखडा पडतो, वाकवलं की निमूट वाकतं. आतला डांबरी कागद मात्र पूर्ण काढावा लागतो, नाहीतर धुराने शेजारी गोळा होतील.

चाकांच्या वजनांची निवड करण्यात अख्खी दुपार गेली. आधी चुंबक फिरवलं, लोखंडी होती ती चिकटली. मग राहिली शिशाची आणि जस्ताची, दोन्ही करडी. काहींवर जस्ताची खूण कोरलेली असते, काहींवर नाही. तिथे कटर. पक्कडीच्या कटरने कड दाबली की शिशात ती लोण्यासारखी रुतते, जस्तात सरकते. फरशीवर टाकलं तर शिसं थप्प वाजतं, जस्त टणटणतं. दहा-बारा वजनांनंतर कानच निवडायला लागतो.

जस्ताची एवढी भीती का, हेही लिहून ठेवतो. जस्त शिशात मिसळलं की ओत लापशीसारखा घट्ट होतो, साचा भरत नाही, आणि घरच्या साधनांनी ते वेगळं करणं जमण्यातलं नाही. पण जस्त वितळतं 419 अंशांना. भांडं 350 च्या आत ठेवलं तर नजरेतून सुटलेलं जस्ताचं वजन वितळत नाही, हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि चाळणीच्या डावाने काढून टाकता येतं. चाकाच्या वजनांच्या लोखंडी क्लिपाही तशाच तरंगतात. पुन्हा तापमानच.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गच्चीवर पतंगांचा गोंधळ, वरच्या घरातली पोरं सगळी इथेच. आज विजेच्या तारेलाही हात नाही.

18 जानेवारी, शनिवार

नियंत्रक जोडला. वस्तू साध्या: रेक्स सी-100 नावाचा पीआयडी नियंत्रक (तापमान बघून शेगडी चालू-बंद करणारा), 40 अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले (हलता भाग नसलेला विजेचा स्विच), त्याखाली त्याची उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीट सिंक, आणि तापमान मोजायला के प्रकारचं थर्मोकपल.

नियंत्रक घेताना मागच्या पट्टीवरचा सांकेतिक क्रमांक वाचायचा. एकाच चेहऱ्याचे दोन असतात. ज्याच्या क्रमांकात व्ही आहे तो सॉलिड स्टेट रिलेला लागणारा व्होल्टेज देतो. एम असेल तर आत खटखट करणारा साधा रिले असतो, तो आपल्या कामाचा नाही. दुकानदाराने एमचाच पुढे सरकवला होता. "सारखंच काम करते ना भाऊ!" बदलून घेतला.

1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. रिलेवर 40 लिहिलंय म्हणून हीट सिंक टाळायचा नाही; दर अँपिअरमागे साधारण एक वॅट उष्णता त्यातच होते. आणि हे रिले बिघडतात तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतात. पडद्यावर 380 लावलेले असतील आणि शेगडी तापतच राहील. म्हणून नियंत्रकाच्या आधी वेगळा एमसीबी, हाताला सहज लागेल असा. भांडं तापत असताना गच्ची सोडून जायचं नाही, चहालासुद्धा नाही. भांड्याला आणि शेगडीच्या पत्र्याला अर्थिंग दिलं, तीन पिनांचा 16 अँपिअरचा पॉइंट वापरला.

थर्मोकपल कुठे ठेवायचं यावर भावाशी बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, बाहेरून भांड्याला चिकटवू, आत बुडवायची भानगड नको. पण बाहेर चिकटवलं तर ते शेगडीचं तापमान सांगतं, शिशाचं नाही. स्टीलच्या नळीत घालून आत बुडवलं, बुडापासून दोन सेंटिमीटर वर, काठाला क्लिपने धरून.

लांबून मोजायची इन्फ्रारेड बंदूक भावाने ऑफिसातून आणली होती. तिच्यावर या कामात भरवसा ठेवू नये. वितळलेल्या शिशाचा पृष्ठभाग चकाकतो, चकाकता पृष्ठभाग उष्णता फार कमी बाहेर टाकतो, आणि बंदूक खरं तापमान आहे त्याच्यापेक्षा खूप कमी दाखवते. साच्याची काजळी धरलेली बाजू बघायला मात्र ती ठीक आहे.

19 जानेवारी, रविवार

पहिलं वितळवणं. आज फक्त सफाई आणि लगड्या, ओतकाम नाही.

जागा: गच्चीवरची पत्र्याची शेड, तीन बाजूंनी उघडी. वारा पाठीकडून घेतला. खाली फरशीवर लोखंडी ट्रे, त्यात भट्टीत भाजलेली वाळू. उन्हात वाळवलेली पुरत नाही. उघड्या सिमेंटवर शिसं सांडलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन सिमेंटचे टवके उडतात.

ओल हा या कामातला खरा शत्रू. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तर भांड्यातलं शिसं छतापर्यंत उडतं. शिशाचा प्रत्येक तुकडा आधी भांड्याच्या काठावर ठेवून तापवायचा, मग चिमट्याने आत सोडायचा. पाण्याची बाटली शेडच्या आत आणायची नाही. कपाळाला रुमाल बांधायचा, कारण घामही पाणीच. नागपुरात हे काम थंडीत करण्याचं अर्धं कारण हेच. मे महिन्यात 45 अंशांत चेहऱ्यावर ढाल, अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, चामडी हातमोजे आणि बंद बूट घालून उभं राहून दाखवा.

बटण लावल्यापासून 25 मिनिटांनी शिसं पूर्ण वितळलं. आकडा 327 च्या आसपास बराच वेळ रेंगाळला आणि मग चढला. थर्मोकपल बरोबर आहे याचा हाच सगळ्यात सोपा पुरावा, शुद्ध शिशापुरता. चाकांच्या वजनांत अँटिमनी असतं, ती याच्या आधीच वितळायला लागतात.

345 वर ठेवून चाकांची वजनं वितळवली. क्लिपा वर आल्या, त्यांच्यात दोन जस्ताची वजनं जशीच्या तशी तरंगत आली, कडासुद्धा गोल न होता. कान शंभर टक्के बरोबर नसतो तर.

मग मेणाचा बोराएवढा तुकडा टाकला. धूर निघतो, पेटही घेतो, तेव्हा तोंड लांब ठेवायचं. कोरड्या लाकडी काठीने बुडापासून ढवळलं. मेणातला कार्बन वरच्या मळीतलं शिसं आणि कथील परत धातूत आणतो, आणि उरते ती करडी-पिवळट भुकटी. ती डावाने अलगद काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली.

या भुकटीबद्दल नीट लिहितो, कारण लोक वाफेला घाबरतात आणि भुकटी झाडूने झाडतात. शिसं उकळतं 1749 अंशांना. 400 च्या खाली त्याची वाफ नगण्य असते. विष पोटात जातं ते या भुकटीतून: हाताला लागते, हातावरून तोंडात, चपलेवरून घरात, घरातल्या लादीवरून रांगणाऱ्या पोराच्या बोटांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित मात्रा अशी कुठलीच नाही, आणि लहान मुलांच्या पोटातून ते मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. आमच्या घरात चार वर्षांची पुतणी आहे. वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "भाऊजी, ते कपडे घालून जिना उतरायचा नाही. वरच बदला, वरच हात धुवा, आणि धुण्यात आमच्या कपड्यांबरोबर टाकायचे नाहीत." अगदी तसंच ठरवलं. वेगळा शर्ट-पँट, वेगळे बूट गच्चीवरच. भुकटीच्या वेळी धूळ अडवणारा पी-100 प्रतीचा मास्क. झाडू नाही, ओलं फडकं, तेही सगळं निवल्यावर. मळीचा डबा घंटागाडीत टाकायचा नाही, तो शिसं घेणाऱ्या अधिकृत कारखान्याकडेच जाणार. या डाव-पळीवर लाल रंग मारला, म्हणजे चुकूनही कोणी स्वयंपाकघरात नेणार नाही.

शिसं बिडाच्या आप्पेपात्रात ओतून लगड्या केल्या. आप्पेपात्र भंगारातलं, तेही आता लाल. केबलच्या लगड्यांवर के, चाकाच्यांवर चा असं खिळ्याने कोरलं.

25 जानेवारी, शनिवार

साचा. प्लास्टर ऑफ पॅरिस स्वस्त, पण त्यात पाणी बांधलेलंच असतं. कितीही वाळवा, भरवसा नाही. लाकडाचा साचा चार-पाच ओतांत जळतो. बीड टिकतं पण कोरायला महाग. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घेतल्या, प्रत्येकी 25 मिलिमीटर जाड.

आकार गोल, मधून आरपार भोक. 40 ग्रॅमला व्यास किती? शिशाची घनता 11.34 घेतली तर 19 मिलिमीटरच्या गोळ्याचं वजन 40.7 ग्रॅम येतं, त्यातून 2 मिलिमीटरच्या भोकाचे 0.7 वजा. बरोब्बर 40. आणि पाऊण इंची गोल टोकाचा कटर म्हणजे 19.05 मिलिमीटर, तो कुठल्याही वर्कशॉपमध्ये असतोच. हा योगायोग इतका सोयीचा की दुसरा आकार शोधलाच नाही.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये चार घरं कोरून घेतली. दोन पट्ट्या एकमेकींवर नेमक्या बसाव्यात म्हणून आधी दोन डॉवेल पिना, मग कोरणं. उलट क्रमाने केलं तर अर्धगोल जुळत नाहीत आणि गोळ्याला मधोमध पायरी येते. वर ओतायचं तोंड नरसाळ्यासारखं, गळ्याशी 5 मिलिमीटर. भोकासाठी स्टेनलेसची सायकलची स्पोक, 14 गेज, म्हणजे 2 मिलिमीटर. पट्ट्यांच्या सांध्यावरच तिची खाच, गोळ्याच्या मधून आडवी जाणारी.

हवेची वाट घरी केली. प्रत्येक घरापासून बाहेरच्या कडेपर्यंत सांध्याच्या बाजूवर टोच्याने बारीक रेघा ओढल्या. रेघ केसाएवढीच हवी. शिशाचा पृष्ठताण जास्त, इतक्या बारीक रेघेत ते शिरत नाही, हवा मात्र निघून जाते. मग मेणबत्तीच्या ज्योतीवर आतून काजळी धरली.

2 फेब्रुवारी, रविवार

ओतकाम. केबलचं शिसं, नियंत्रक 395 वर.

साचा गार असला की गोळ्यावर सुरकुत्या. हे ठाऊक असतं तरी पहिले ओत तसेच येतात. साचा भट्टीच्या काठावर तापायला ठेवला होता, तरी पुरेसा नव्हता. ते गोळे परत भांड्यात. ओतत गेलो तसा साचा स्वतःच तापला आणि सुरकुत्या गेल्या. त्यापुढे सलग ओतत राहिलो तर गोळे पिठूळ, दहिवर पडल्यासारखे दिसायला लागले. म्हणजे आता साचा जास्त तापला. अशा वेळी नियंत्रकाला हात लावायचा नाही, फक्त दोन ओतांमध्ये जरा थांबायचं.

पळी शिशात बुडवूनच तापवायची, आणि तोंडावर थोडं जास्त ओतायचं. शिसं गोठताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं. आकसताना त्याला वरून रसद हवी. नरसाळ्यात पुरेसं शिसं उभं असेल तर ते खाली ओढलं जातं आणि त्याच्या पृष्ठभागावर खळगा पडतो. नसेल तर खळगा गोळ्याच्या पोटात पडतो, वरून दिसतही नाही, वजन मात्र कमी भरतं. नरसाळ्यातली चकाकी एकाएकी मळते तो क्षण गोठण्याचा. तिथून मनात दहा मोजायचे, पक्कडीने स्पोक पिळून ओढायची, आणि मग साचा उघडायचा. स्पोक गरम असतानाच निघते. निवल्यावर शिसं तिला आवळून बसतं.

देठ कटरने छाटले, परत भांड्यात. भोकाची दोन्ही तोंडं मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून गोल केली. तंगूस वाचवायचा तो इथे. कानस लावायची नाही, कानशीतून धूळ होते. ड्रिलची साल निघते, ती उचलून टाकता येते.

9 फेब्रुवारी, रविवार

वजनं केली. केबलच्या शिशाचे गोळे 39.6 ते 40.1 ग्रॅम. चाकांच्या वजनांचे तेवढ्याच आकाराचे गोळे 38.5 च्या आसपास, कारण अँटिमनी हलकं. आता काट्यावर ठेवलं की कुठल्या लगडीचा गोळा ते कळतं. चाकांच्या शिशाचे कडक आहेत, दगडांत आपटले तरी चेपत नाहीत. खडकाळ काठावर हेच वापरायचे.

जाळं टाकणारे ढिवर काका संध्याकाळी येऊन गेले. गोळा हातात फिरवून पाहिला, भोकातून उजेडाकडे पाहिलं.

"गोल तं मस्त आली जी. पण जाळ्याले ही नाही चालत. जाळ्याले बारीक पायजे, अन् लांबट. गोल असली का फेकताना एकमेकीत गुतते."

"किती बारीक, काका?"

"हे पाहा," म्हणून करंगळीचं टोक दाखवलं. पंधरा-वीस ग्रॅमचं असावं.

गळाची बारीक छर्र्यासारखी वजनं मात्र करायची नाहीत असं मी ठरवलंय. ब्रिटनमध्ये 1987 पासून गळाच्या 0.06 ते 28.35 ग्रॅमच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद आहे. हंस खड्यांबरोबर ती गिळत आणि विषबाधेने मरत. आपल्या तलावांवर थंडीत बाहेरून पक्षी येतात, तेही दळण्यासाठी खडेच गिळतात. गळाचं छोटं वजन तुटून तळाशीच राहतं. जाळ्याचं दोरीला ओवलेलं असतं, ते जाळ्याबरोबर परत येतं. म्हणून काकांची लांबट वजनं करायची, छर्रे नाहीत. हलक्या वजनाला काका नदीचा गोटा बांधतात, मीही तेच करणार.

16 फेब्रुवारी, रविवार

खिंडसी तलावावर जाऊन आलो, ठेका असलेल्या संस्थेला विचारून. 40 ग्रॅमचे गोळे वाऱ्यातही सरळ जातात. तंगूस एकदाही भोकाशी तुटला नाही. एक गळ खडकात अडकून गेला, गोळ्यासकट. यापुढे गोळा मुख्य दोरीवर नाही, कच्च्या दोऱ्याच्या फाट्यावर बांधायचा, म्हणजे तुटेल तो गोळ्यापाशीच आणि मासा तरी दोरीसकट पळणार नाही. शिसं तळाशी जाणं यानेही थांबत नाही, तेव्हा खडकाळ काठावर गोटाच बरा.

लांबट वजनासाठी 10 मिलिमीटर व्यास आणि 20 मिलिमीटर लांबी धरली तर भोक वजा जाता 17 ग्रॅम येतात. वर्कशॉपला कटर सांगून ठेवलाय. पुढचं ओतकाम होळीच्या आत उरकायला हवं, त्यानंतर त्या शेडमध्ये ढाल घालून उभं राहवणार नाही.